समलैंगिकता आणि बायबल: वचन तेच, वाचणारे वेगळे

मोहरीचा_दाणा (धागालेखिका)

"बायबलमध्ये स्पष्ट लिहिलंय" हे वाक्य एकदा कोणी उच्चारलं की समलैंगिकतेवरचं बोलणं मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तिथेच थांबतं. ज्याला पुढे काही विचारायचं असतं तो गप्प बसतो, कारण त्यानंतर विचारणं म्हणजे देवाच्या वचनावर शंका घेणं ठरतं. मला हे मान्य नाही. मी विश्वासणारी आहे, बायबल माझ्यासाठी देवाचं वचन आहे, आणि म्हणूनच ते अर्धवट वाचलेलं मला सहन होत नाही.

या विषयाशी थेट जोडली जाणारी वचनं थोडीच आहेत. उत्पत्ति १९ मधली सदोमाची कथा, लेवीय १८:२२ आणि २०:१३, रोमकरांस पत्र १:२६-२७, १ करिंथ ६:९ आणि १ तीमथ्य १:१०. यहूदाच्या पत्रात सदोमाचा पुन्हा उल्लेख येतो. चारही शुभवर्तमानांत येशू यावर थेट काही बोलल्याची नोंद नाही. वचनं कमी म्हणून विषय हलका, असं मी म्हणत नाही. पण एवढी थोडी असूनही ती मागच्या-पुढच्या मजकुरासकट आपण कधी वाचतो?

सदोमाचं बघा. लोट नावाच्या माणसाकडे पाहुणे आलेत, आणि गावातले पुरुष त्याच्या दारावर जमतात आणि पाहुण्यांना बाहेर काढ म्हणतात. हेतू सरळसरळ सामूहिक बलात्काराचा आहे. शास्ते १९ मध्ये गिबा गावात जवळपास हीच कथा पुन्हा घडते. तिथे लेवी वंशातल्या एका माणसाच्या उपपत्नीवर रात्रभर अत्याचार होतो आणि ती उंबरठ्यावर मरून पडते. त्या कथेवरून स्त्री-पुरुष संबंधच वाईट, असा निष्कर्ष कोणी काढत नाही. यहेज्केल १६:४९ तर सदोमाचा दोष मोजून सांगतो: गर्व, अन्नाची रेलचेल, निवांत सुख, आणि गरीब-गरजवंतांना हात न देणं. पुढच्या वचनात अमंगळ कृत्यांचाही उल्लेख आहे, तो मी वगळत नाही. पण आपल्या उपदेशांतून पहिली यादी पूर्ण गायब झालेली असते.

माझा खरा मुद्दा मात्र रोमकरांस पत्राबद्दल आहे. प्रेषित पौलाने रोममधल्या विश्वासणाऱ्यांना ते लिहिलं तेव्हा त्यात अध्याय नव्हते. अध्याय पडले तेराव्या शतकाच्या सुरुवातीला, ते काम स्टीफन लँग्टन या इंग्लिश धर्मगुरूच्या नावावर आहे. वचनांचे आकडे नव्या करारात घातले रोबेर एतिएन या मुद्रकाने, १५५१ मध्ये. म्हणजे पहिल्यांदा हे पत्र रोममध्ये मोठ्याने वाचलं गेलं तेव्हा ऐकणाऱ्याला १:३२ वर थांबायची सोयच नव्हती. पौल आधी मूर्तिपूजेवर बोलतो, मग स्त्रिया-स्त्रियांच्या आणि पुरुषा-पुरुषांच्या संबंधांवर. मग यादी वाढत जाते: मत्सर, खून, कलह, कपट, चहाडी, बढाई, आईबापांची अवज्ञा. परराष्ट्रीयांवर, म्हणजे यहूदी नसलेल्यांवर, यहूदी लोक त्या काळी अशीच टीका करत. शलमोनाचं ज्ञान या जुन्या यहूदी ग्रंथाचे १३ आणि १४ हे अध्याय वाचलेत तर सूर ओळखीचा वाटेल. ऐकणारा माना डोलवत असणार. आणि पुढचंच वाक्य, जे आज २:१ आहे, त्याच्यावरच उलटतं: दोष लावणाऱ्या माणसा, तू कोणीही अस, तुला सबब नाही, कारण तूही तेच करतोस.

यावरून पौलाला समलिंगी संबंध मान्य होते असं ठरत नाही. नव्हतेच. पण जे लिखाण दोष लावणाऱ्याला पकडण्यासाठी रचलं होतं, ते आपण दोष लावण्यासाठीच वापरतो, आणि जिथे आपली पाळी येते त्याच्या एक ओळ आधी पुस्तक मिटतो. हे वाचणं प्रामाणिक आहे का?

सगळ्यांची मतं वाचायला आवडतील. भाषा मात्र सांभाळा, हा धागा वाचणाऱ्यांत अशी माणसं आहेत ज्यांच्याबद्दल आपण बोलतोय.

वाटसरू

मी ख्रिस्ती नाही, त्यामुळे बाहेरून विचारतो. लेवीयमध्येच दोन प्रकारच्या धाग्यांचं कापड घालू नका असंही आहे ना? डुकराचं मांस नको, शिंपले नकोत. ते सगळं सोडलं आणि हे एकच वचन धरून ठेवलं, असं का?

दीपस्तंभ

@वाटसरू, हा प्रश्न नेहमी येतो आणि त्याचे उत्तर वाटते तितके अवघड नाही. कापडाचा नियम लेवीय १९ मध्ये आहे. १८:२२ च्या आसपास काय आहे ते पाहा: आप्तसंभोग, व्यभिचार, मुलांचा बळी, पशुगमन. या गोष्टी ख्रिस्ती लोक आजही निषिद्ध मानतात. खाण्यापिण्याचे नियम येशूने आणि प्रेषितांनी बाजूला केल्याचे नव्या करारात दिसते (मार्क ७, प्रेषितांची कृत्ये १०). लैंगिक आचरणाबाबत तसे झालेले नाही. उलट तिथे अपेक्षा अधिक कडक झाली. डोळ्यांनी केलेला व्यभिचारही मोजला गेला.

आता धाग्याबद्दल. दाणा, रोमकरांस पत्राचे २:१ तुम्ही योग्य ठिकाणी आणले, ते मलाही टोचते. पण न्याय करणाराही पापी आहे एवढ्याने पहिल्या अध्यायातले वर्णन चुकीचे ठरत नाही. पौलाचा युक्तिवाद ३:२३ कडे जातो: सर्वांनी पाप केले आहे. त्या "सर्वां"मध्ये मत्सर करणारे आहेत, चहाडखोर आहेत आणि १:२६-२७ मधलेही आहेत.

शिवाय पारंपरिक भूमिका या पाच-सहा वचनांवर उभी नाही, हे विरोधकांच्या लक्षात येत नाही. ती उत्पत्तीच्या पहिल्या दोन अध्यायांवर उभी आहे: नर व नारी अशी त्याने त्यांना निर्माण केली, आणि ती दोघे एकदेह होतील. सूटपत्राबद्दल, म्हणजे घटस्फोटाबद्दल, विचारले तेव्हा येशूने मत्तय १९ मध्ये हीच दोन वचने एकत्र जोडली. इफिसकरांस पत्र ५ मध्ये पती-पत्नीचे नाते हे ख्रिस्त आणि मंडळी यांच्या नात्याची खूण होते. विवाह हा दोन प्रेम करणाऱ्या माणसांचा करार एवढाच असता तर तुमचे म्हणणे पटले असते. आमच्यासाठी तो त्याहून मोठा आहे. ही भूमिका घेणारा प्रत्येक जण द्वेषाने बोलतो असे कृपया समजू नका.

जैतून

दीपस्तंभ यांचा प्रतिसाद मुद्देसूद आहे. उत्पत्तीचा युक्तिवाद हाच सगळ्यात वजनदार, असं मलाही वाटतं. तरी दोन गोष्टी.

त्याच मत्तय १९ मध्ये, विवाहावर बोलून झाल्याबरोबर, येशू षंढांबद्दल बोलतो: काही जन्मतः तसे, काहींना माणसांनी तसं केलेलं, काहींनी स्वर्गाच्या राज्यासाठी तसं करून घेतलेलं. म्हणजे नर-नारीच्या चौकटीत न बसणारी माणसं येशूच्या नजरेत होती आणि त्याने त्यांना दटावलं नाही. यात आजची समलिंगी माणसं थेट मोजता येणार नाहीत, पण चौकटीबाहेर काहीच नाही असंही म्हणता येणार नाही. जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकात, २३:१ प्रमाणे, षंढाला प्रभूच्या मंडळीत प्रवेश नव्हता. यशया ५६ मध्ये देव त्यालाच म्हणतो, माझ्या घरात तुला मुलामुलींपेक्षा चांगलं नाव देईन. आणि प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये इथिओपियाचा षंढ रथात बसून यशयाच वाचत असतो. पाणी दिसल्यावर फिलिप्पाला विचारतो, बाप्तिस्मा घ्यायला मला काय अडचण आहे? नियमशास्त्रात अडचण लिहिलेली होती. फिलिप्पाने ती पुढे केली नाही. दोघे पाण्यात उतरले.

दुसरं, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं: रिचर्ड हेज. नव्या कराराचे मोठे अभ्यासक. १९९६ च्या त्यांच्या ग्रंथात त्यांनी समलिंगी संबंधांविरुद्धची भूमिका इतक्या संयमाने मांडली होती की पुढची अनेक वर्षं पारंपरिक बाजूचे लोक त्यांचाच आधार घेत. २०२४ मध्ये त्यांनी मुलगा ख्रिस्तोफर (तोही जुन्या कराराचा अभ्यासक) याच्यासोबत नवं पुस्तक लिहिलं आणि भूमिका बदलली. वादग्रस्त वचनांचा नवा अर्थ शोधत ते बसले नाहीत. त्यांचं म्हणणं असं की उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत देवाची दया पुन्हा पुन्हा रुंद होताना दिसते, ज्यांना आधी बाहेर ठेवलं होतं त्यांना तो आत घेतो, आणि आपण ती दिशा पाहायला हवी. जानेवारी २०२५ मध्ये हेज वारले. आयुष्याच्या शेवटी, आपल्याच नावावर उभा असलेला युक्तिवाद खाली ठेवायला किती धैर्य लागलं असेल.

दीपस्तंभ

हेज यांच्याबद्दल आदर आहेच. पण दया रुंदावते याचा अर्थ आज्ञा विरघळते असा होत नाही. प्रेषितांची कृत्ये १५ पाहा. यरुशलेमच्या सभेत परराष्ट्रीयांना सुंतेशिवाय आत घ्यायचे ठरले; दार इतके रुंद उघडले. त्याच सभेने त्यांना चार गोष्टी वर्ज्य करायला सांगितल्या: मूर्तींना वाहिलेले, रक्त, गळा दाबून मारलेले, आणि जारकर्म, म्हणजे निषिद्ध लैंगिक संबंध. दार उघडणारे आणि हा नियम घालणारे लोक एकच होते.

मोहरीचा_दाणा

@दीपस्तंभ, कृत्ये १५ तुम्ही आणलंत ते बरं झालं, मला तिथेच यायचं होतं.

त्या चारांपैकी रक्त आणि गळा दाबून मारलेल्याचं मांस हे दोन नियम पाश्चात्त्य मंडळ्यांनी केव्हाच सोडून दिले. मूर्तींना वाहिलेल्या मांसाबद्दल खुद्द पौलाने १ करिंथ ८ ते १० मध्ये बरीच मोकळीक दिली, अट एवढीच की दुबळ्या भावाला ठेच लागू नये. चौथा नियम उरला आणि उरायलाच हवा. पण जारकर्मात नेमकं काय येतं, हे ठरवायची वेळ प्रत्येक पिढीवर आलीच आहे. सूटपत्र घेऊन पुन्हा लग्न करणाऱ्याला येशूने मार्क १० मध्ये व्यभिचारी म्हटलं. आज कितीतरी मंडळ्यांत अशी जोडपी पहिल्या बाकावर बसतात, रविवारच्या शाळेत शिकवतात. आपण त्यांच्याकडे माणसं म्हणून पाहिलं, त्यांची परिस्थिती ऐकली आणि जागा केली. मला त्यात चूक दिसत नाही. मग ऐकून घेण्याची ही तयारी एका गटासाठी असते आणि दुसऱ्यासाठी नसते, ती का?

आणि सभेने निर्णय कसा घेतला तेही बघा. तिथे नुसते ग्रंथ उघडले गेले नाहीत. आधी पेत्राने सांगितलं की कर्नेल्य या परराष्ट्रीयाच्या घरी काय घडलं, पवित्र आत्मा त्यांच्यावरही आपल्यासारखाच आला. मग पौल आणि बर्णबा यांनी पाहिलेलं सांगितलं. मग याकोबाने आमोसाचं वचन आणलं. आधी साक्ष, मग शास्त्र, आणि शास्त्र त्या साक्षीच्या उजेडात. समलिंगी विश्वासणाऱ्यांची साक्ष आपण कधी अशी बसून ऐकली? त्यांच्याबद्दलच्या सभा होतात, त्यांच्याविना.

ऑगस्टिन या जुन्या काळातल्या बिशपने शास्त्र कसं वाचावं यावर लिहिताना एक कसोटी दिली आहे: ज्या अर्थामुळे देवावरचं आणि शेजाऱ्यावरचं प्रेम वाढत नाही, तो अर्थ काढणाऱ्याला शास्त्र अजून समजलेलं नाही. हे लिहिणारा माणूस लैंगिक बाबतीत अजिबात सैल नव्हता. तरी कसोटी त्याने हीच ठेवली.

वाटसरू

बरंच नवीन कळतंय. मग वेगवेगळ्या चर्चची आज अधिकृत भूमिका काय आहे?

रानपाखरू

कॅथलिक बाजू मी सांगतो. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात परिच्छेद २३५७ समलिंगी कृत्यांना मुळातच अव्यवस्थित म्हणतो. लगेच २३५८ म्हणतो की अशा व्यक्तींना आदराने, करुणेने, हळुवारपणे स्वीकारलं पाहिजे, अन्याय्य भेदभाव टाळला पाहिजे. दोन्ही वाक्यं लागोपाठच्या परिच्छेदांतली, पण उपदेशात पहिलं जास्त ऐकू येतं. पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०२३ मध्ये समलिंगी असणं हा गुन्हा नाही असं स्पष्ट सांगितलं. १८ डिसेंबर २०२३ च्या व्हॅटिकनच्या घोषणेने समलिंगी जोडप्यांनाही साधा, विधीबाहेरचा आशीर्वाद द्यायला परवानगी दिली, विवाहाची शिकवण मात्र तशीच ठेवली. आफ्रिकेतल्या बिशपांनी जानेवारी २०२४ मध्येच कळवलं की आमच्याकडे हे होणार नाही. एकच चर्च, एकच पोप, आणि तरी ही स्थिती.

जैतून

अँग्लिकन: १९९८ च्या लँबेथ परिषदेत, म्हणजे जगभरच्या अँग्लिकन बिशपांच्या सभेत, समलिंगी आचरण शास्त्राशी विसंगत असल्याचा ठराव ५२६ विरुद्ध ७० मतांनी झाला. २००३ मध्ये अमेरिकेत जीन रॉबिन्सन हे उघडपणे समलिंगी असलेले बिशप झाले आणि फूट रुंदावली. त्याच अँग्लिकन परंपरेतले दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेझमंड टूटू २०१३ मध्ये म्हणाले की समलिंगी माणसांचा द्वेष करणाऱ्या स्वर्गात मी जाणार नाही. युनायटेड मेथडिस्टांनी १९७२ मध्ये नियमावलीत घातलेलं "ख्रिस्ती शिकवणीशी विसंगत" हे वाक्य मे २०२४ मध्ये काढलं. त्याआधीच्या काही वर्षांत अमेरिकेतल्या त्यांच्या सुमारे एक चतुर्थांश मंडळ्या वेगळ्या झाल्या होत्या. ऑर्थोडॉक्स चर्च आणि बहुतेक पेंटेकॉस्टल मंडळ्या पारंपरिक भूमिकेवर ठाम आहेत.

तिसरा_प्रहर

बरेच दिवस फक्त वाचतो, आज लिहितो.

मी समलिंगी आहे आणि दीपस्तंभ यांच्यासारखंच वाचतो. म्हणजे विवाह स्त्री-पुरुषाचा, हे मला शास्त्रातून दिसतं, म्हणून मी एकटा राहायचं ठरवलंय. कोणी जबरदस्ती केली नाही. दाणा आणि जैतून यांचं म्हणणं मी लक्ष देऊन वाचलं, काही ठिकाणी हललोही, पण अजून तिथे पोचलेलो नाही.

मला वेगळं सांगायचंय. पारंपरिक मंडळी माझ्याकडून ब्रह्मचर्य मागतात. ठीक. पण त्याच वेळी मंडळीतलं सगळं आयुष्य जोडप्यांभोवती रचलेलं असतं. शिबिर कुटुंबांचं. प्रार्थनागट विवाहितांचा, नाहीतर तरुणांचा, म्हणजे ज्यांची लग्नं व्हायचीत त्यांचा. मला मागे ताप आला होता, उठवत नव्हतं. फोनमधली नावं खालीवर करत राहिलो. बायबल अभ्यासातले सगळे त्यात होते, पण रात्री अकरा वाजता कोणाच्या घरच्यांना त्रास द्यायचा ते ठरेना. शेवटी ऑफिसमधल्या एकाला फोन केला, जो कुठल्याच देवाला मानत नाही. तो आला, सकाळपर्यंत थांबला.

पौल स्वतः अविवाहित होता. १ करिंथ ७ मध्ये तो एकटं राहणं हे दान म्हणतो. मार्क १० मध्ये येशू म्हणतो की माझ्यासाठी घर सोडणाऱ्याला याच युगात शंभरपट घरं, भाऊ, बहिणी, आया मिळतील. ही शंभरपट घरं कोणी द्यायची? मंडळीनेच ना? वचन माझ्याकडून पाळून घेतलं जातं, तर त्यांच्या वाट्याचंही पाळलं जावं.

दीपस्तंभ

@तिसरा_प्रहर, आपला प्रतिसाद दोनदा वाचला. आपण जे मागता आहात ते शास्त्रानेच आमच्यावर टाकलेले कर्तव्य आहे. आमची बाजू शिकवण मांडताना जितका आवाज चढवते, त्याच्या निम्म्यानेही हे बोलत नाही. या महिन्याच्या वडीलमंडळाच्या बैठकीत मी हा विषय मांडणार आहे.

ओसरी

मला शास्त्रातलं तुमच्याइतकं कळत नाही. माझ्या मुलाने मला सांगितलंय. वय वीस. आमच्या पाळकांच्या कानावर कोणीतरी घातलं, तर ते म्हणाले उपास-प्रार्थनेच्या शिबिराला पाठवा, तिथे सुटका होते, बरीच मुलं बरी झालीत. मुलगा तेव्हापासून जेवायलाही आमच्यासोबत बसत नाही. पाठवू का? मला देवही हवाय आणि मुलगाही.

मोहरीचा_दाणा

ताई, पाठवू नका.

हे मी केवळ माझ्या मताच्या जोरावर सांगत नाही. एक्सोडस इंटरनॅशनल नावाची संस्था १९७६ मध्ये अमेरिकेत उभी राहिली. समलिंगी ख्रिस्ती लोकांना बदलवण्याचं काम करणारी सगळ्यात मोठी संस्था ती. जून २०१३ मध्ये तिचे अध्यक्ष अॅलन चेंबर्स यांनी झालेल्या दुखापतीबद्दल जाहीर माफी मागितली आणि संस्था बंद केली. त्याआधी त्यांनी सांगितलं होतं की त्यांना भेटलेल्या बहुतांश लोकांचा कल बदललेला नव्हता. एवढी वर्षं हेच काम करणाऱ्यांनी हे सांगितलंय. अशा उपायांनी नैराश्य आणि आत्महत्येचे विचार वाढतात, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांच्या मोठ्या संघटना त्याविरुद्ध आहेत.

दीपस्तंभ

ओसरीताई, माझी शिकवण दाणा यांच्यापेक्षा वेगळी आहे हे तुम्ही वर वाचलेच असेल. तरी या बाबतीत आम्ही दोघे एक आहोत. पाठवू नका. सुटकेची हमी देणारे पौलापेक्षा मोठे नाहीत. त्याने देवाला तीनदा विनवूनही त्याच्या देहातला 'काटा', म्हणजे त्याला छळणारी पीडा, गेली नव्हती. मुलाचे मन मोडून कोणतीही शिकवण वाचत नाही. पाळकांना सांगायला जड जात असेल तर मी सोबत बोलायला तयार आहे, निरोपातून कळवा.

ओसरी

मग त्याला काय सांगू?

तिसरा_प्रहर

ताई, मी त्याच्या जागी होतो म्हणून सांगतो. आधी जेवायला बोलवा, विषय न काढता. शिबिराला पाठवणार नाही हे एका वाक्यात सांगून टाका, त्याने विचारायची वाट पाहू नका, कारण तो त्याच भीतीत असणार. पाळकांना कोणी सांगितलं हे तुम्हाला माहीत असेल तर त्यालाही सांगा. त्याच्याबद्दल कोणाशी काय बोललं गेलंय ते त्याला कळायला हवं. इथून पुढे त्याला विचारल्याशिवाय कोणाला सांगू नका, प्रार्थनेची विनंती म्हणूनसुद्धा नको. चर्चला यायचं की नाही ते त्याला ठरवू द्या. शास्त्राचा वाद आत्ता काढू नका, तो काढेल तेव्हा हा धागा आहेच.

ओसरी

पाळकांना मीच सांगितलं होतं. ते आज त्याला सांगते.